चित्राच्या बाहेर, वीतभर डावीकडे

आख्ख्या इस्राएलात आमच्या बेने इस्राएल जमातीतला कॅलेंडरावर गेलेला माणूस मी एकटाच. फक्त मी त्यात दिसत नाय, एवढंच.

कॅलेंडर अजून आमच्या पुढच्या खोलीत लटकतंय. तारखांचे कागद कधीच फाटून गेले, चित्र राहिलं. वाळूचे डोंगर. एकामागे एक, कूस बदलून झोपलेल्या म्हशींसारखे. पुढचा गुलाबी, मागचा जांभळा, त्याच्या मागचा कसला तरी राखाडी, आणि वर आभाळ असं साफ, की धोब्याने धुऊन वाळत घातलंय. माणूस ना काणूस. पाहुणा आला की मी त्याला भिंतीजवळ नेतो, चौकटीच्या बाहेर वीतभर डावीकडे चुन्यावर बोट ठेवतो आणि बोलतो, "हा बघा मी." पाहुणा हसतो. तिथं भिंतीला माझ्या बोटाचा काळा डाग पडलाय. सिपोरा, माझी बायको, हसत नाय. ती चहा ठेवायला उठते.

अदार महिना लागला की, म्हणजे तुमच्याकडे होळी येते त्या सुमाराला, आमच्या किर्यात मलाखी गावात रस्त्याकडेला अकाशिया फुलते. बारीक पिवळे गोळे, लोकरीचे. आपल्या बाभळीची सावत्र बहीण समजा. काटा नाय, पण मायाही नाय. सावली पडते तीसुद्धा चाळणीतून पडल्यासारखी. ती फुलली की मला शिंका सुरू होतात. आमच्या बिल्डिंगीतल्या बायका माझ्या नाकावरून ओळखतात, "सालू शिंकला, चला, पेसाखच्या सणाची सफाई काढा." त्यांना माझी शिंक म्हणजे पंचांग. मला तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट वर येते, घशापर्यंत. ती शिंकून जात नाय.

ही अकाशिया मी लावलीय. रस्त्यावरची नव्हे, ती कोणी लावली देवाला ठाऊक. मी लावली ती आमच्या गावापासून समुद्राकडे, वाळूत. सदुसष्टच्या लढाईनंतरचा दुसरा हिवाळा होता. ज्याला कुठंच नोकरी नाय त्याला सरकारी कामाच्या ऑफिसातून चिठ्ठी मिळायची, एक तर दगड वेचायचे, नायतर वाळू बांधायची. मी वाळू घेतली. मला वाटलं, दगडापेक्षा वाळू हलकी.

वाळू बांधायची म्हणजे काय, हे पहिल्या दिवशी मुकादमाने सांगितलं. मुकादम नईम. बगदादचा यहुदी, आवाज असा की ट्रकचं इंजिन लाजून बंद पडावं. तो बोलला, ही वाळू चालते. आज इथं, उद्या रस्त्यावर, परवा तुझ्या ताटात. तिला थांबवायची. मला हसू आलं. आमच्या अलिबागकडे किनाऱ्यावरच्या वाळूला पुळण बोलतात. पुळण कधी चालत नाय. तिच्या एका बाजूला समुद्र, एका बाजूला माडांची वाडी, मधे ती पोटच्या पोरीसारखी बसलेली. इथली वाळू म्हणजे भरकटलेलं गाढव. सकाळी आपण तिच्यावर पाय ठेवून गेलो, तर संध्याकाळी पायाचा ठसा तर सोडाच, टेकडीच दुसरीकडे.

वाळलेल्या काटक्यांचं कुंपण घालायचं, चौकोन चौकोन, शेतातल्या बांधांसारखे. वारा त्यात अडकतो. मग पाऊस पडून गेला की, इथं तो हिवाळ्यात पडतो, कुदळीने वरची कोरडी वाळू बाजूला करायची. खाली काळपट, थंड, ओली वाळू लागते, गूळ ओला झाल्यावर होतो तशी. तिच्यात हात घातला की बोटं आपली राहत नायत. त्यात अकाशियाचं रोप ठेवायचं आणि टाचेने दाबायचं. दाबताना नईम ओरडायचा, "जोरात! ती पळून जाईल!" दुपारी पावाच्या तुकड्यावर तिळाचा हलवा लावला तर दाताखाली कचकच. अंडं सोललं तर कचकच. देवाचं नाव घेतलं तरी कचकच. घरी गेलो की सिपोरा मला दारातच उभा करायची आणि केरसुणीने झाडायची. नवऱ्याला बायकोने केरसुणी मारावी आणि ते सगळ्या बिल्डिंगीने रोज बघावं, असा मान दुसऱ्या कोणाला मिळाला नसेल.

एकदा कुंपण घालताना आम्हाला एक अंजिराचं झाड लागलं. गळ्यापर्यंत वाळूत बुडालेलं, वर फक्त शेंडे. पण जिवंत. बाजूला मातीच्या घड्याचा तुकडा, कोणाचं तरी अंगण असावं तसा. म्हटलं, नईम, हे कोणी लावलं? नईम पहिल्यांदाच हळू बोलला. "सालोमन, रोपं लाव." मी रोपं लावली.

वाळू बांधण्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार वेगळीच. मुंबईत मी गिरणीत बदलीवाला होतो. पर्मनंट माणूस आजारी पडला, गावाला गेला, दारू पिऊन पडला की आमचं नशीब उघडायचं. सकाळी गेटवर उभं राहायचं, जॉबरने बोट केलं तर आत, नायतर परत. आम्ही बदलीवाले दुसऱ्याच्या खोकल्यावर जगलो. माझे सासरे वारले तेव्हासुद्धा शेवटचं काय बोलले ठाऊक आहे? "पोरगी बदलीवाल्याला दिली." देवाचं नाव त्याच्यानंतर घेतलं. आपल्या देशात गेलो की पर्मनंट होऊ, असं सांगून मी सिपोराला बोटीत बसवली. आणि इथं येऊन परत तेच. पावसाळ्यात रोपं, सणाच्या आधी सुट्टी. आम्ही वाळूला पर्मनंट करत होतो आणि आम्ही टेंपररी.

पण त्या हिवाळ्यात बातमी उठली की वाळूच्या खात्यात थोडी माणसं कायमची घेणार. रोपांना पाणी, कुंपणाची देखभाल, बारा महिने काम. पेन्शन. आजारीपणाची रजा. सिपोरा लगेच एलियाहू हन्नबीला मलिदा बोलली. तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, आमच्यात काही मागायचं असलं, काही मिळालं, की एलियाहू नबीच्या नावाने पोहे भिजवतात, त्यात गूळ, खोबरं, वेलची, वर फळं, आणि प्रार्थना करून सगळ्यांना वाटतात. मलिद्याशिवाय नबी ऐकत नाय, असं आमची आई सांगायची. सिपोराने पोह्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. मी हात लावला की ओरडायची, "ते नबीचे आहेत."

त्याच हिवाळ्यात ती बाई आली. चित्र काढणारी. पोलंडची, केस पांढरे, डोक्याला पुरुषाची टोपी, हातात रंगाने माखलेली पेटी. खात्याचा साहेब तिला गाडीतून घेऊन आला. तिने तिकाटणं रोवलं, त्यावर कापड चढवलं आणि वाळू बघत बसली. आम्ही पण तिला बघत बसलो, नईमने शिव्या दिल्या तेव्हा उठलो. थोड्या वेळाने तिची ओरड. समुद्राकडचा वारा वाळू उडवत होता आणि ती सगळी तिच्या ओल्या रंगावर चिकटत होती. गुलाबी डोंगराला देवी आल्यासारख्या दिसायला लागल्या.

साहेबाने नईमला काहीतरी सांगितलं. नईमने आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे, बाजारात बोकड बघतात तसं. आणि बोट माझ्यावर आलं. जन्मात पहिल्यांदा कोणी गर्दीतून मला निवडलं. मुंबईत जॉबरचं बोट नेहमी माझ्या कानाला घासून पलीकडच्यावर जायचं.

मला एक घोंगडी दिली आणि बाईच्या डाव्या हाताला पुढे उभं केलं. हात पसरून घोंगडी धरायची. "अल ताझूझ," बाई बोलली. हलू नकोस. मी कुठला हलतो! मी पोट आत घेतलं. छाती बाहेर. टोपी काढली, केसांवर थुंकी लावून भांग पाडला. ती दर घटकेला डोळे बारीक करून माझ्या बाजूला बघायची आणि कुंचला चालवायची. मी चेहरा गंभीर ठेवला, आपल्याकडे पुढाऱ्याच्या फोटोत असतो तसा. म्हटलं, हिने बरोबर ओळखलं. वाळूच्या चित्रात वाळू बांधणारा पाहिजेच. ती आली तेवढे सगळे दिवस मी उभा होतो. हात दुखून खांद्यातून उतरले, पण भांग मोडू दिला नाय.

शेवटच्या दिवशी बाईने मला एक संत्रं दिलं आणि कापडावर फडकं टाकलं. ओलं आहे, बोलली. नईमला विचारलं, ह्याचं काय होणार? तो बोलला, "लूआख होणार. सणाला घरोघरी देणार." लूआख म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. हा शब्द मी पक्का केला. हिब्रू मला येत होती ती अशी, एकेक शब्द, रस्त्यात सापडलेल्या बटणासारखा खिशात टाकलेला. वाचता तर येतच नव्हतं. मुंबईत आमच्या मशिदीत मी प्रार्थना तोंडपाठ करायचो, बाजूचा पान उलटायचा तेव्हा मीही उलटायचो. कधी कधी दोन पानं एकदम. आमचं देऊळ त्याला आम्ही मशीदच बोलायचो, नवल वाटू देऊ नका. इथं आल्यावर संध्याकाळचा हिब्रूचा वर्ग होता, तिथं शिक्षिकेचा आवाज फार गोड होता. मला झोप लागायची.

दानियल झोपला नाय. दानियल म्हणजे आमचा वरच्या मजल्याचा शेजारी, मुलुखाचा पण शेजारी. आमच्या अलिबागकडच्या गावाच्या खाडीपलीकडचं त्याचं गाव. त्याच ट्रकमधून यायचा, तीच रोपं लावायचा, पण दुपारी पाव खाताना ज्या वर्तमानपत्रात पाव गुंडाळलाय ते वाचायचा. मी त्याला बोलायचो, "दान्या, पाव खा, बातम्या नंतर. बातम्या शिळ्या होत नायत, पाव होतो." तो हसायचा. कमी बोलणारा माणूस. माझ्याबरोबर राहणाऱ्याला दुसरा इलाजही नसतो.

मग ती सकाळ. अकाशिया, जी आधीच्या वर्षी लावलेली, तिला पहिली पिवळी फुलं आलेली. ट्रक सुटत होता, आम्ही मागे उभे, दांड्याला धरून. खात्याच्या वखारीच्या दारातून नईम बाहेर आला आणि हात हलवून ओरडला, "सालोमन! अता अल हा-लूआख! मझल तोव!"

तू लूआखवर आहेस. अभिनंदन.

माझं काय झालं सांगू? ट्रक हलला आणि मी दांडा धरायला विसरलो. दानियलने कॉलर धरली म्हणून वाचलो. सगळ्या रस्त्याने मी ओरडत होतो, "कॅलेंडरावर! मी कॅलेंडरावर!" मोरोक्कोवाल्यांनी टाळ्या पिटल्या, रोमेनियावाल्याने सिगरेट दिली. दानियल माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, जळतोय.

घरी जाऊन सिपोराला सांगितलं. ती भाकरी टाकत होती. हातातलं पीठ तसंच ठेवून उठली.

"मुकादम काय बोलला? नीट सांगा."

"लूआखवर आहेस, बोलला. मझल तोव बोलला."

"लूआखवर म्हणजे नाव लागलं?" तिचे डोळे भरून आले. "पर्मनंटचं?"

"अगं अडाणी," मी बोललो. मी! मी तिला अडाणी बोललो. "लूआख म्हणजे कॅलेंडर. चित्र. मी घोंगडी धरून उभा नव्हतो काय? तेच."

"मझल तोव कॅलेंडराला देतात काय?"

"मग काय कॅलेंडर झाल्याचं सुतक पाळतात?"

पण ती तोवर फळीवरचा डबा काढून मोकळी झालेली. पोहे पाण्यात पडलेले. एलियाहू नबीचे. मी तिला समजावलं, नोकरी अजून नाय लागली, नबीला फसवू नकोस, तो वरून बघतो. मग भिजलेले पोहे फेकायचे कसे, म्हणून तिने कांदा चिरला, मिरची घातली, हळद घातली. नबीचे पोहे आम्ही फोडणी देऊन खाल्ले. मी दोनदा घेतले. फार छान झालेले.

तो आठवडा मी राजा होतो. वाण्याकडे गेलो तर बोलायचो, भाव नीट लाव, उद्या तुझ्याच दुकानात भिंतीवर बसणार आहे. न्हाव्याला बोललो, ह्या डोक्याचा एक केस वाकडा कापू नकोस, सरकारी डोकं आहे. ट्रकमधे तर विचारूच नका. मी चित्रात कसा दिसेन, तारखा माझ्या पायाखाली असतील की डोक्यावर, लोक माझ्या पोटावर दूधवाल्याचा हिशोब लिहितील काय, सगळं करून दाखवलं. माणसं पोट धरून हसायची. दानियल पण हसायचा. कधी मधेच तोंड उघडायचा, तेवढ्यात मी पुढचा विनोद काढायचो.

आणि एक गोष्ट सांगतो, ही आजवर पाहुण्यांना सांगितली नाय. वखारीच्या भिंतीवर एक लाकडी फळा होता. त्या आठवड्यात त्याच्यापुढे माणसं थांबायची, बोट फिरवून वाचायची. मला वाटलं, कॅलेंडराचा नमुना लावला असेल. गेलो. माणसांच्या खांद्यावरून डोकं घातलं. बघितलं. टाइप केलेला एक कागद, हिब्रूत, काळ्या मुंग्या. चित्र नाय. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. माझं तोंड कुठंच नाय. दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिसऱ्या दिवशी परत. रोज आपला मी त्या कागदापुढे उभा राहून माझं तोंड शोधत होतो आणि माझं नाव माझ्याकडे बघत होतं.

सणाच्या आधी काम संपलं तेव्हा नईमकडे गेलो. म्हटलं, ते पर्मनंटचं काय झालं? नईम उभाच राहिला. "तू आला का नाहीस? डॉक्टरकडे जायचं होतं, सही करायची होती. आठवडाभर तुझं नाव लूआखवर होतं!"

"लूआख अजून छापून कुठे आला?" मी बोललो.

त्याने माझा दंड धरला, वखारीच्या भिंतीजवळ नेला आणि त्या लाकडी फळ्यावर अशी थाप मारली की वर बसलेली कबुतरं उडाली. "हा! हा लूआख! हा!"

कागद काढून टाकलेला होता. एका टाचणीखाली त्याचा कोपरा राहिलेला, नखाएवढा.

फळ्याला पण लूआख, कॅलेंडराला पण लूआख. मी नंतर एकाला विचारलं, तुमच्या भाषेत शब्दांचा दुष्काळ पडला होता काय? तो बोलला, देवाने मोशेला आज्ञा दिल्या त्या दगडी पाट्या, त्याही लूआखच. म्हटलं, मोशेला वाचता येत होतं म्हणून बरं. नायतर तो पण डोंगरावर उभा राहून पाट्यांत आपलं चित्र शोधत बसला असता आणि आपण सगळे अजून मिसरात गुलामीच्या विटा थापत असतो.

"आता?" मी नईमला विचारलं.

"आता काय? जागा रिकामी ठेवतात? पुढच्या नावाला दिली." नईमने माझ्याकडे बघायचं टाळलं. "दानियलला."

मी हसलो. खरंच हसलो. नईमला वाटलं मला झटका आला. त्याने पाणी आणलं.

घरी काय सांगितलं, कसं सांगितलं, ते आठवत नाय. सिपोराचं एवढं आठवतं की ती रडली नाय, भांडली नाय, "मी बोलले नव्हते" असंही बोलली नाय. बोलली असती तर मी काहीतरी विनोद केला असता आणि सुटलो असतो. ती उठली आणि वरच्या मजल्यावर दानियलच्या बायकोला मलिद्यासाठी खोबरं देऊन आली. आमचं खोबरं. त्यांच्यात शिल्लक नव्हतं.

कॅलेंडर आलं ते तिश्री महिन्यात, आमच्या नव्या वर्षाला. वाण्याने सगळ्यांना फुकट दिलं. आमची ओर्ना तेव्हा शाळेत होती, इथंच जन्मलेली, मराठीत विचारलं तर हिब्रूत उत्तर देणारी. सगळ्या बिल्डिंगीसमोर मी तिला गुंडाळी सोडायला लावली. वाळू. नुसती वाळू. ना रोप, ना काटक्यांचं कुंपण, ना ट्रक, ना ते अंजिराचं झाड. पोरीने कागद उलटून मागे बघितलं, मी मागच्या बाजूला असेन म्हणून. "एफो अता, अब्बा?" तू कुठे आहेस?

"खाली काय लिहिलंय ते वाच."

"होलोत." ती बोलली. वाळू. बस्स, एवढंच लिहिलेलं.

तेव्हा मला कळलं की मी चित्रात नव्हतोच कधी. बाई माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागच्या डोंगराकडे बघत होती. मी आडोसा होतो. भिंत. लोकांची कॅलेंडरं भिंतीवर लागतात, माझ्या कॅलेंडरात मी आधीच भिंत होऊन आलो. तुम्ही ते चित्र नीट बघा, त्यात वारा नाय. वाळूचा एक दाणा हललेला नाय. असं कसं होईल? त्या दिवसांत वारा असा होता की बोलायला तोंड उघडलं तर जेवण होऊन जायचं. तो सगळा मी पाठीवर घेतला. त्या चित्रातली शांतता, ती माझी आहे. पण शांततेच्या खाली कोण नाव लिहितो?

बाईचा राग येत नाय. तिला रिकामी वाळू दिसली, तिने रिकामी काढली. आमच्यासारखी माणसं उभी असली तरी जागा रिकामीच दिसते, त्याला ती काय करणार? मला राग येतो तो रंगाचा. वाळू तशी गुलाबी नसते. मी तिच्यात हात घातलेत. ती आतून काळी असते आणि थंड.

पुढची वर्षं काय सांगू? संत्री तोडली, बाटल्या धुतल्या, शाळेत झाडू मारला. सगळीकडे टेंपररी. पर्मनंट व्हायची वेळ जवळ आली की घरी पाठवायचे, सणानंतर परत बोलवायचे. ओर्ना मोठी झाली, बँकेत लागली, पहिल्या वर्षातच कायम. तिला मी बदलीवाला म्हणजे काय ते समजावून सांगितलं तर ती बोलली, "दाय, अब्बा," पुरे. ते डोंगर पण गेले. शहर बांधायला वाळू लागते, ट्रक भरभरून नेली. जी आम्ही बांधली ती त्यांनी सोडून नेली आणि सिमेंटात घातली. आता कुठल्या तरी बिल्डिंगीच्या तिसऱ्या मजल्यावर ती वाळू पर्मनंट आहे. काठाकाठाने अकाशिया तेवढी उरलीय, कोणी मागितली नाय म्हणून. दर वर्षी फुलते. मी शिंकतो.

ह्या वर्षी अकाशिया फुलली त्याच आठवड्यात दानियल रिटायर झाला. खात्याने समारंभ केला, साहेबाने भाषण केलं, त्याच्या हाताने किती झाडं लागली ते सांगितलं. मला पण बोलावलेलं. मी दोन विनोद सांगितले, सगळे हसले. इतकी वर्षं आम्ही रोज बाकड्यावर बसतो, रमी खेळतो, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात नाचलो. त्या फळ्याबद्दल आमच्यात एक शब्द झाला नाय. मी कॅलेंडराची गोष्ट हजार वेळा सांगितली, त्याच्यासमोर सांगितली. पण फळ्यापाशी आलो की वळण घ्यायचो, गाढव ओढ्यापाशी वळतं तसं.

परवा दुपारी बाकड्यावर दोघंच होतो. तो पेन्शनीच्या नव्या शर्टात, सूर्यफुलाच्या बिया सोलत. वरून पिवळी भुकटी पडत होती. मी लागोपाठ शिंकलो, डोळ्यांतून पाणी आलं, आणि शिंकेचं पाणी आहे तोवर विचारून घ्यावं असं वाटलं.

"दान्या, तेव्हा फळ्यावर माझं नाव होतं. तू वाचलं होतंस?"

त्याने बी सोलली. साल थुंकली.

"वाचलं होतं. पहिल्याच दिवशी."

"आणि माझ्याखाली कोणाचं नाव होतं, ते पण?"

"ते पण."

"आठवडाभर आपण एका ट्रकमधे होतो. बाजूबाजूला. बोलला का नायस?"

मला वाटलं, आता तो खाली बघेल. नाय बघितलं. सरळ माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत ह्या कमी बोलणाऱ्या माणसाने मला पहिल्यांदा पूर्ण वाक्य ऐकवलं.

"सालू, तू तुझं तोंड घटकाभर बंद ठेवलं असतंस, तर मी माझं उघडलं असतं."